घरचंच आहे की

‘पण ही पोरं पळून का जात नाहीत?’

काझुओ इशिगुरो यांची ‘नेव्हर लेट मी गो’ कुणालाही वाचायला द्या, पुस्तक परत येताना हा प्रश्न बरोबर घेऊनच येतं. आमच्या वाचनगटात एका काकांनी तो इतका चिडून विचारला, की वाटावं पळून न जाऊन त्या पोरांनी काकांचंच काहीतरी नुकसान केलंय. ‘गाडी आहे, रस्ते मोकळे आहेत, मागावर पोलीस नाहीत. समुद्रावर फिरायला जातात आणि संध्याकाळी निमूट परत येतात! कसं शक्य आहे?’ काका निवृत्त इंजिनियर आहेत. कथानकात कुठे पाणी मुरतंय असं वाटलं, की त्यांना चैन पडत नाही.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रहस्य फुटेल ही भीती नको, लेखकालाच ते फार लपवायचं नाहीये. कादंबरी २००५ सालची. कॅथी एच. नावाची ३१ वर्षांची बाई गोष्ट सांगते. अकराहून जास्त वर्षं ती ‘केअरर’ आहे, म्हणजे गाडी घेऊन इंग्लंडभर हिंडायचं आणि वेगवेगळ्या केंद्रांत पडून असलेल्या ‘डोनर’ मंडळींची काळजी घ्यायची. ती, तिची मैत्रीण रूथ आणि दोघींच्या मधला टॉमी, हे तिघं हेलशॅम नावाच्या निवासी शाळेत वाढले. शाळा छानच आहे. तळं आहे, खेळाचं मैदान आहे, चित्रं आणि कविता यांचं तर फारच कौतुक. मुलांनी केलेल्या वस्तूंची वर्षातून चारदा अदलाबदल होते, त्यासाठी टोकन मिळतात. फक्त आईवडील कुणालाच नाहीत, आडनावाच्या जागी एकेक अक्षर आहे आणि दर आठवड्याला डॉक्टरी तपासणी होते. ही मुलं क्लोन आहेत. मोठी झाली की एकेक अवयव काढून घ्यायचा. कुणी दुसऱ्या ऑपरेशनला जातं, कुणी तिसऱ्या. चौथ्यापर्यंत पोचलेल्याचा मोठा मान.

आणि हे भविष्यात कुठेतरी घडत नाही. ‘इंग्लंड, १९९०च्या दशकाची अखेर’ असं गोष्ट सुरू होण्याआधीच छापलंय. स्कॉटलंडमध्ये डॉली मेंढी जन्मली १९९६ साली, म्हणजे साधारण तोच काळ, पण इथे प्रयोगशाळा नाही, शास्त्रज्ञ नाही, ऑपरेशन थिएटरचं वर्णन नाही. कॅसेट आहेत, वूलवर्थ्सचं दुकान आहे, हायवेवरचे थांबे आहेत आणि कॅथीच्या गाडीच्या काचेवर इंग्लंडचा करडा उजेड आहे. आपल्याकडे विज्ञानकथा म्हटलं की निदान एखादं यंत्र तरी हवं असतं. गटातल्या एकीनं विचारलंच, यात सायन्स कुठंय? मला विचाराल तर ते नाही म्हणूनच कादंबरी अंगावर येते. यंत्र दिसलं असतं तर दोष यंत्राला देता आला असता.

काकांचा प्रश्न मात्र एकट्या काकांचा नाही. या कादंबरीवर २०१० साली सिनेमा आला. तो करणाऱ्यांनाही बहुधा तीच टोचणी लागली असावी, कारण सिनेमातल्या मुलांच्या मनगटावर इलेक्ट्रॉनिक पट्टे आहेत. येता-जाता पट्टा भिंतीवरच्या यंत्रापुढे धरायचा, टुंग असा आवाज आला की पुढे. झालं, प्रश्न मिटला! पट्टा आहे म्हणून पळत नाहीत. सिनेमा देखणा आहे, कॅरी मलिगनचं काम तर फार आवडलं, पण त्या पट्ट्यानं गोष्टीचा कणाच काढून घेतलाय. पुस्तकात पट्टा नाही. शाळेमागचं जंगल आहे आणि त्या जंगलाबद्दल मुलांनीच एकमेकांना सांगितलेल्या भयकथा आहेत. भांडून बाहेर पळालेला एक मुलगा झाडाला बांधलेला सापडला, हातपाय तोडलेले, असली एक. पहारेकऱ्याचा पगार वाचला.

मला स्वतःला या गोष्टीत कुठेच काही गळल्यासारखं वाटलं नाही. याचं कारण मी ती कुठे बसून वाचली, हे असावं.

मामाच्या किडन्या बीपीनं गेल्या. हळूहळू, कुणाला न कळता. तो पुण्यातच राहतो, सिंहगड रोडला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, एका वेळी चार तास. मामेभावाची शिफ्ट असेल त्या दिवशी मी सोबत जायची. आधी वजनकाट्यावर उभं करायचं, म्हणजे दोन डायलिसिसच्या मधे अंगात किती पाणी साठलं ते कळतं. मग बेड, मग फिस्टुलाच्या हातात, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून घेतलेल्या हातात, दोन जाड सुया. फिस्टुलावर बोट ठेवलं तर आत मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. ती लागली की सगळं ठीक. मामा सकाळी उठल्यावर पहिल्यांदा मनगटाला कान लावायचा. पिण्याचं पाणी बाटलीवर खुणा करून मोजून, बटाटा चिरून कितीतरी वेळ पाण्यात ठेवून मग शिजवायचा, नारळपाणी बंद, केळं बंद. डायलायझरवर, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्यावर, मार्करनं मामाचं नाव लिहिलेलं असायचं आणि पुढच्या वेळी तेच नाव बघून तोच लावायचे. शाळेच्या डब्यावर नाव असतं तसं, असं म्हणणार होते, पण ते माझ्या डोक्यात हेलशॅम चालू होतं म्हणून.

‘काय वाचतेस?’ मामानं एकदा विचारलं.

‘एका शाळेची गोष्ट आहे.’

‘मजेशीर आहे?’

‘आहे थोडी.’

तेवढ्यावर ते संपलं. त्या हॉलमध्ये, दोन्ही बाजूंना रक्त बाहेर जाऊन परत येत असताना, किडन्या काढून घेण्यासाठी वाढवलेल्या मुलांची गोष्ट कुठल्या तोंडानं सांगणार?

मामाचं नाव विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत घातलं होतं. ब्रेनडेड झालेल्या माणसाच्या घरच्यांनी परवानगी दिली, रक्तगट जुळला, क्रम आला, तर फोन येणार. डायलिसिसच्या हॉलमधले बरेचजण त्या यादीत होते. फोन कधीही बंद ठेवायचा नाही, बाथरूममध्येही न्यायचा. दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आधी शेजारच्या बेडवरचे एक गृहस्थ टीव्हीकडे बघत म्हणाले, ‘आता एक्स्प्रेस-वेला गर्दी होईल,’ आणि मधेच थांबले. पुढचं वाक्य सगळ्यांना ऐकू आलं. टेक्निशियन मुलगा उगाचच मशीनचा आकडा बघायला गेला. ते गृहस्थ दुष्ट नव्हते. दर शनिवारी सगळ्यांना चिक्की आणायचे, पोटॅशियमची भीती असल्यामुळे ती फक्त सोबत आलेल्यांनी खायची.

इशिगुरोंच्या कादंबरीत एक जागा रिकामी आहे, ती मला त्या दिवशी दिसली. पुस्तकभर डोनर आहेत, केअरर आहेत, शाळेतल्या पालकबाया आहेत, पण अवयव घेणारा माणूस एकही नाही. एक चेहरा नाही, एक नाव नाही. टॉमीची किडनी कुणाला गेली, रूथचं काय कुणाच्या अंगात धडधडतंय, कुणाच्या मुलीच्या लग्नात तो माणूस नाचला, काहीही नाही. ‘बाहेरचे लोक’ एवढाच उल्लेख. काकांना जो प्रश्न सुचला तो पोरांना विचारायचा होता. घेणाऱ्यांना कुणी काही विचारतच नाही, कारण ते पुस्तकात नाहीतच. ते पुस्तक हातात धरून बसलेत.

हे वाचून कुणाला वाटेल, बाई अवयवदानाच्या विरोधात आहे. अजिबात नाही. मी स्वतः फॉर्म भरलाय, कार्ड पर्समध्ये असतं. मृत्यूनंतर देणं आणि त्यासाठी माणूस वाढवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे काय सांगायला पाहिजे? आपल्याकडे १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आला तोच मुळी किडन्यांचा बाजार मांडला गेला होता म्हणून. गरिबानं विकायची आणि श्रीमंतानं घ्यायची, हे उघड चालायचं. कायद्यानं विक्री गुन्हा ठरवली, ब्रेनडेथला मान्यता दिली आणि जिवंत माणसानं द्यायची तर मुख्यतः जवळच्या नातेवाइकांनी, असं ठरवलं. नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं. पुढे २०११च्या दुरुस्तीत आजी-आजोबा आणि नातवंडंही आली.

भाची त्यात बसत नाही. हे कळलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं आणि ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी पाणी आणायला आत गेले.

यादीतून फोन येईना. मग घरात कोण देऊ शकेल याची चर्चा सुरू झाली. चर्चा म्हणजे काय, दिवाणखान्यात सगळे बसले होते आणि प्रत्येकाजवळ स्वतःचं असं एक कारण होतं. थोरल्या मामाला शुगर. माझ्या आईचं बीपी. धाकट्या मावशीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं, त्याचा तसा काही संबंध नसतो, पण कुणी खोदून विचारलं नाही. मामेभावाचं लग्न व्हायचंय. त्याचं नाव कुणी घेतलंसुद्धा नाही, आजीनं तर तो विषय निघायच्या आतच त्याला दुकानातून काहीतरी आणायला पिटाळलं. मामी स्वयंपाकघरात होती. आणि कुणीतरी, कोण ते खरंच आठवत नाही, म्हणालं, ‘हिचा ओ पॉझिटिव्ह आहे ना? तो सगळ्यांना चालतो.’

बस. एवढंच. मामीला कुणी ‘तू देशील का’ असं विचारलं नाही. तिला कुणी ‘तुला द्यायचीय’ असंही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी चहा गाळता गाळता ती म्हणाली, ‘तपासण्या उपाशीपोटी असतात का गं?’

कादंबरीत मिस ल्यूसी म्हणून एक शिक्षिका आहे. मुलं पंधराएक वर्षांची असतानाचा प्रसंग. बाहेर धो धो पाऊस, सगळी मैदानाकाठच्या पॅव्हेलियनमध्ये अडकलीत. दोन मुलगे गप्पा मारतायत, मोठेपणी नट झालो तर कसं, अमेरिकेला जायचं का. मिस ल्यूसीला ते ऐकवत नाही. ती सांगून टाकते, तुमच्यापैकी कुणीही अमेरिकेला जाणार नाही, कुणी नट होणार नाही, तुमचं आयुष्य आधीच ठरलेलं आहे. तिची तक्रार अशी, की या मुलांना सगळं सांगितलंय आणि तरी काहीच सांगितलेलं नाही. वाचताना वाटतं, आता पोरं हादरणार, रडणार. तर मुलांची प्रतिक्रिया काय? त्यात काय एवढं, हे तर आम्हाला माहीतच होतं. अवघडल्यासारखं त्यांना वाटतं ते मिस ल्यूसीच्या वागण्याचं. थोड्याच दिवसांत ती शाळा सोडून जाते.

ही जागा मला सगळ्या कादंबरीत अव्वल वाटते. ती वाचताना समोर मामीच उभी राहिली. तिलाही कुणी एका दिवसात काही सांगितलं नव्हतं. लग्न लवकर झालं, बीएचं शेवटचं वर्ष राहिलं, ते राहिलंच. फ्लॅट घेताना पाटल्या गेल्या. तिचे वडील गेल्यावर भावानं बोलावून घेतलं, तालुक्याच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सही केली. सांगलीकडची चांगली बागायत जमीन होती. येताना भावानं साडी घेतली, मोरपंखी, ती तिनं आम्हा सगळ्यांना कौतुकानं दाखवली होती. सही करताना काय वाटलं, असं तेव्हा तिला कुणी विचारलं असतं तर तिनं विचारणाऱ्याकडेच चमकून बघितलं असतं. तिच्या माहेरच्या सगळ्याच बहिणींनी केली होती. गावातल्या सगळ्याच बहिणी करतात.

काकांनी मामीला विचारून बघावं, तू पळून का नाही गेलीस? दार उघडंच होतं. बाहेर रिक्षा मिळत होती.

आणि मामी काही एकटी नाही. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत आपल्या देशात बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहेत आणि ज्यांना मिळतात त्यांच्यात पुरुष. हे त्या व्यवहारातल्या सगळ्यांना माहीत असतं. बायका आनंदानं देतात, प्रेमानं देतात, असं म्हणतात आणि ते खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. कॅथीसुद्धा आनंदानंच करते. आपण चांगल्या केअरर आहोत, आपली माणसं फार तडफडत नाहीत, याचा तिला अभिमान आहे. तो वाचताना तिची कीव येत नाही, उलट तिच्याबद्दल आदरच वाटतो. लेखकाची कमाल अशी, की कादंबरी संपेपर्यंत हा आदर तसाच राहतो आणि त्याच्याच पोटी भीती वाढत जाते.

कायद्याला बायकांची ही गोष्ट माहीत आहे, हे बघून मला नवल वाटलं. २०१४च्या नियमांत स्पष्ट म्हटलंय की देणारी बाई असेल तर जास्त काळजी घ्या, तिची संमती स्वतंत्र आहे ना हे रुग्णाखेरीज दुसऱ्या कुणाकडून तरी पडताळून घ्या. मुलाखतीचं व्हिडिओ चित्रण होतं. मामा-मामींनी लग्नाचा दाखला, रेशनकार्ड, जुन्या फोटोंचा अल्बम असं सगळं पिशवीत भरून नेलं. बायको खरीच बायको आहे ना, हे सिद्ध करायला लग्नात हार घातलेला फोटो. दोघंही त्यात भेदरलेली दिसतायत.

मामीला एकटीला आत बोलावलं. खोलीचं दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे बाकावर बसून मला ऐकू येत होतं. डॉक्टरबाई फार चांगल्या होत्या, आवाजात घाई नाही. किडनी दिल्यावर काय होऊ शकतं ते त्यांनी सावकाश समजावलं. मग विचारलं, ‘तुमच्यावर कुणाची जबरदस्ती आहे का? घाबरू नका, नको असेल तर आम्ही बाहेर काहीतरी वैद्यकीय कारण सांगू. तुमचं नाव येणार नाही.’

म्हणजे पळून जायला चक्क सरकारनं दार करून ठेवलेलं होतं.

मामी हसली. ‘जबरदस्ती कसली, मॅडम? घरचंच आहे की.’

कादंबरीच्या शेवटाकडे कॅथी आणि टॉमी लिटलहॅम्प्टनला जातात. एक अफवा असते, की हेलशॅमची दोन मुलं एकमेकांवर खरंच प्रेम करत असतील तर त्यांना तीनेक वर्षांची सवलत मिळते, दान पुढे ढकलता येतं. सुटका नाही हं, नुसती सवलत. त्यांची मागणीसुद्धा किती छोटी आहे बघा. शाळेत येऊन मुलांची उत्तम चित्रं निवडून नेणारी ‘मादाम’ तिथे राहते. टॉमीनं काढलेली काल्पनिक प्राण्यांची चित्रं घेऊन हे दोघं तिच्या दारात जातात. आत जुन्या मुख्याध्यापिका मिस एमिली, व्हीलचेअरवर. त्या सांगतात की सवलत वगैरे काही नव्हतं, कधीच नव्हतं. चित्रं गोळा करायची ती मुलांना आत्मा आहे का, हे बाहेरच्यांना दाखवून द्यायला.

हा प्रसंग लांबलाय, हे माझं मत. मिस एमिली सगळं समजावून सांगत बसतात, शाळा कशी चालवली, देणग्या कुणी दिल्या, मग वारं कसं फिरलं. गुप्तहेरकथेत शेवटी सगळ्यांना एका खोलीत जमवून उलगडा करतात, तसला वास येतो. आधीची दोनेकशे पानं ज्या लेखकानं न सांगता सांगितली, त्याला इथे एवढं बोलायची काय गरज होती? पण त्यातली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. मिस एमिलींचं एक लहानसं कपाट त्या दिवशी विकायला जायचंय. माणसं ते न्यायला येणार आहेत. आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना तुमची आशा फोल आहे असं सांगता सांगता त्यांचा अर्धा जीव त्या कपाटात अडकलाय, हमाल ते नीट उचलतील ना, कुठे आपटणार तर नाहीत.

बाई वाईट नाहीत. आयुष्यभर या मुलांसाठी झगडल्या आहेत. त्यांचा युक्तिवादही असा, की त्याला सहज उत्तर सापडत नाही. ज्या जगाला कॅन्सर बरा होतो हे कळलंय, त्याला परत त्या अंधाऱ्या दिवसांकडे जा असं कसं सांगणार? लोकांना आपली मुलं, आपला नवरा, आपले आईवडील मरायला नको होते. अवयव कुठून येतात याचा त्यांनी फार विचार केला नाही. जेव्हा करावाच लागला, तेव्हा ही मुलं पुरती माणसं नाहीतच, अशी स्वतःची समजूत घालून घेतली.

हे वाचताना मी थांबले होते, कारण मलाही मामा मरायला नको होता. त्यानं मला सायकल शिकवली, माझ्या इंजिनियरिंगची पहिली फी त्यानं भरली. त्या दिवाणखान्यात मी होते. ‘मामीला विचारा की आधी’ हे चार शब्द मला बोलता आले असते. बोलले असते तर घरात जरा शांतता पसरली असती आणि मग मामीनं स्वयंपाकघरातूनच ‘अगं, त्यात काय विचारायचं’ म्हटलं असतं. पण मी बोलले नाही, कारण मला तिचं ‘नाही’ ऐकायचं नव्हतं. घेणाऱ्यांच्या बाजूला बसलं की हे असं होतं. आपण क्रूर वगैरे नसतो. कपाट नीट जातंय ना, एवढंच बघत असतो.

परतीच्या वाटेवर, रात्री, टॉमी गाडी थांबवायला सांगतो. उतरून अंधारात शेतात जातो आणि चिखलात उभा राहून ओरडतो, मुठी आवळून हवेत हात झाडतो. शाळेत लहान असताना त्याला असेच झटके यायचे आणि सगळे त्याची टर उडवायचे. कॅथी त्याला घट्ट धरून ठेवते. नंतर ती म्हणते, तेव्हा शाळेत तू असा चिडायचास, कदाचित तुला कुठेतरी आतून माहीत होतं. संपूर्ण पुस्तकात परिस्थितीला साजेसं वागणारा हा एकच माणूस आणि त्यालाच सगळ्यांनी बिघडलेला ठरवलं होतं.

ऑपरेशन झालं, दोघंही बरी आहेत. मामाच्या मूळच्या किडन्या आत तशाच ठेवल्यात, मामीची किडनी त्याच्या ओटीपोटात उजवीकडे बसवलीय. मामीला लवकर घरी सोडलं. मामाला संसर्गाची भीती म्हणून भेटायला बंदी, तरी काचेबाहेर नातेवाइकांची रीघ. मामीला भेटायला येणारेही आधी मामाचीच चौकशी करायचे, तीच त्यांना बातम्या द्यायची. आज क्रिएटिनिन एवढं, लघवी इतकी झाली. आपल्या किडनीचं काम कसं चाललंय, याचा रिपोर्ट ती पलंगावर पडल्या पडल्या तोंडपाठ सांगायची.

बऱ्याच दिवसांनी, पावसाळ्यात, मी तिला ही गोष्ट सांगितली. पूर्ण सांगितली, किडन्यांसकट. ती मटार सोलत होती. तिला टॉमीचं फार वाटलं नाही, कॅथीचंही नाही. तिला रूथ आवडली. रूथ मुळात जरा खोटारडी, भाव खाणारी मुलगी. कॅथी आणि टॉमी एकमेकांसाठी आहेत हे दिसत असूनही ती टॉमीला धरून ठेवते. पण पहिल्या ऑपरेशननंतर, अंगात त्राण नसताना, ती दोघांपाशी कबूल करते की तुम्हाला मी मुद्दाम लांब ठेवलं, आणि मादामचा पत्ता त्यांच्या हातात ठेवते.

‘जाता जाता तरी खरं बोलली,’ मामी म्हणाली. मग बराच वेळ नुसती शेंगा सोलत राहिली. मी चहा टाकायला उठणार तेवढ्यात म्हणाली, ‘रिपोर्ट जुळू नयेत असं मला वाटलं होतं. क्रॉसमॅचच्या आदल्या रात्री. एकदाच. सकाळी उठून देवापुढे नाक घासलं.’

मला काय बोलावं कळेना. मामाला माहीत आहे का, असं विचारलं.

‘त्याला कशाला सांगायचं?’ ती म्हणाली. ‘आणि त्या व्हिडिओत नाहीये हं ते. तिथे मी नीट बोलले.’